आत्याबाईंचं पाणी

माशांच्या टाकीतून काढलेलं जुनं पाणी मोरीत न ओतता गॅलरीतल्या कुंडीत ओतावं, एवढाच निर्णय मी घेतला होता. मोरी लांब होती, कुंडी जवळ होती. (माझे बहुतेक निर्णय असेच अंतरावर ठरतात.)

टाकी बायकोची. तिने तळाशी माती घालून आत एवढी झाडं लावलीत की पहिल्यांदा आलेला माणूस विचारतो, "यात मासे पण आहेत का?" वरती टिकलीएवढी हिरवी पानं तरंगत असतात. माशांमधली एक जाडसर मासोळी ओठ पुढे काढून, सगळ्या घराकडे नापसंतीने बघत फिरते आणि बाकीचे मासे मुकाट्याने तिला वाट देतात. म्हणून तिचं नाव आत्याबाई. बायकोचा तिच्यावर फार जीव आहे. आत्याबाई मात्र मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतात.

माझ्याकडे फक्त पाणी बदलायचं खातं होतं. ऑफिसात मी आवक-जावक कारकून असल्यामुळे एवढं आपल्याला झेपेल असं बायकोला वाटलं असावं. नियम तिने माझ्याकडून पाठ करून घेतले होते. पाणी आठवड्यातून एकदा बदलायचं आणि तेही पाव टाकीच. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, त्यातलं क्लोरीन मारायचं औषध घालूनच ओतायचं. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही.

"का नाही?" मी विचारलं होतं.

"त्यातले जंतू मरतात."

"मग मरू देत की!"

"अहो, ते चांगले जंतू आहेत. माशांची घाण तेच खाऊन टाकतात. घरात कुणीतरी काम करतंय, तर करू द्या."



तर ती कुंडी. त्यातलं झाड आम्ही कधीच मनातून काढून टाकलं होतं. माशांचं पाणी मिळायला लागल्यावर त्याला आधी पालवी फुटली आणि मग फुलांनी ते वाकलं. एका सकाळी वरून आवाज आला, "काय घालता हो याला?"

वर पाहिलं तर आमच्या इमारतीचे अध्यक्ष कठड्यावरून ओणवे झाले होते. माझ्या मागे कुणी उभं आहे का ते मी आधी बघितलं, कारण हे गृहस्थ माझ्याशी आपण होऊन कधी बोलत नसत. त्यांची उघडी गच्ची आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर डोक्यावर आहे. तिथे त्यांची बाग आणि खाली आमच्या छताला ओल. ती ओल ज्या खुर्चीच्या बरोबर वर पसरली होती ती माझी जेवायची खुर्ची. दुरुस्तीसाठी मी अर्ज केले, हात जोडले, एकदा आवाजही चढवला (जिन्यात, ते घरी नसताना). त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "बघू." सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"माशांचं पाणी घालतो, साहेब," मी म्हणालो. "एक बादली आणून देऊ का?"

"द्या की! आणि हो, तुमचं ते छताचं काहीतरी होतं ना? बघून टाकू."

'बघू'वरून गाडी 'बघून टाकू'वर आली होती! मी बादली घेऊन वर पळालो.

आठवड्याभरात त्यांच्या झाडांना तरतरी आली आणि त्यांनी आणखी एक बादली मागितली. मग दिवसाआड. मग रोज. प्रत्येक बादलीमागे गवंडी माझ्या घराच्या थोडा थोडा जवळ येत होता. आधी तो 'शोधायला हवा' होता, मग 'सापडला', मग 'येतो म्हणालाय'. अशा वेळी पाणी द्यायला नाही कसं म्हणणार? बायको कामावर गेली की मी टाकीतून बादली काढत होतो आणि नळ सोडून टाकी भरत होतो. औषधाची बाटली संपली, तेव्हा एवढ्या तेवढ्याने काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं. बादलीत जरा गढूळपणा यावा म्हणून स्पंजही खसाखसा धुतला. नळाखालीच.

एका संध्याकाळी बायको टाकीसमोर उभी राहिली ती हलेचना.

"आत्याबाई कोपऱ्यात का बसल्यात?"

"विश्रांती घेत असतील."

"बाकीचे वर येऊन तोंडं उघडताहेत. झाडांची पानं पिवळी पडलीत. तुम्ही काय केलंत?"

"हवा बदललीय ना सध्या..."

"अहो!"

या 'अहो'पुढे मी टिकत नाही. सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काचेला हात लावून एवढंच म्हणाली, "छतासाठी माझे मासे मारताय." आणि तिचे डोळे भरून आले. मला खरोखर लाज वाटली. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण त्यांच्या नजरेत नापसंतीसुद्धा उरली नव्हती. तेव्हा मी घाबरलो.

औषध आलं. शेजारच्या गल्लीतल्या मासेवाल्या दुकानदाराच्या टाकीतला जुना स्पंज बायकोने मागून आणला, चांगल्या जंतूंसकट. खाणं कमी केलं. आणि मला ताकीद मिळाली, "आता टाकीला हात लावायचा नाही. वाटीभरसुद्धा पाणी काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी वरून हाक आली, "बादली?"

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. माझ्यापुढे मासे की अध्यक्ष असा पेच होता. विचार करायला स्वयंपाकघरात गेलो, तर टप् टप् आवाज येत होता. छताची ओल आता सरळ गळायला लागली होती आणि माझ्या खुर्चीवर बायकोने बादली ठेवली होती. बादली भरत आली होती. पाणी पिवळट, जुनाट आणि वासाला थेट टाकीसारखं होतं.

मी ती उचलली आणि वर नेऊन दिली.

अध्यक्षांनी वास घेतला. "वा! आज चांगलं मुरलंय."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. छतातून येणारं पाणी मी वर नेत होतो आणि मासे निवांत होते. झाडांना नवी पानं फुटली, मासे वर येऊन तोंडं उघडायचे थांबले आणि एके दिवशी आत्याबाईंनी माझ्याकडे पूर्वीसारखं तुच्छतेने पाहिलं. बायकोने टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं.

मग एकदा खुर्चीवरची बादली बघत बायको म्हणाली, "ही टिकलीएवढी पानं आपल्या टाकीतली आहेत. छतातून कशी आली?"

आम्ही दोघांनी वर पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी नेलेलं पाणी अध्यक्षांच्या कुंड्यांतून झिरपून, छतातून गळून, माझ्याच बादलीत येत होतं आणि मी ते पुन्हा वर नेत होतो.

त्याच आठवड्यात, रविवारी, गवंडी आला! अगदी खरा, थापी घेऊन आलेला. अध्यक्ष स्वतः त्याला घेऊन आमच्याकडे आले. गवंड्याने छत ठोकून पाहिलं आणि शिडी लावली. माझ्या तपश्चर्येला फळ आलं होतं.

"गेल्या काही दिवसांत फुलं दुप्पट झालीत," अध्यक्ष खुशीत म्हणाले. "माशांना नवीन काही खायला घालता का?"

"ते पाणी माशांचं नाहीच," बायको म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही. "ते तुमच्याच गच्चीतून इथे गळतं. हे गोळा करून तुम्हाला परत आणून देतात."

मी खुर्चीला धरून उभा राहिलो. आता हा माणूस भडकेल, असं वाटलं.

अध्यक्ष छताकडे बघत राहिले. मग बादलीकडे बघत राहिले. "म्हणजे माझ्याच खताचा अर्क!" ते म्हणाले. "मातीतून गाळून आलेला!" मग शिडीवरच्या गवंड्याकडे वळले. "उतरा खाली. हे बंद करायचं नाही."

तेव्हापासून मासे एकदम ठणठणीत आहेत. आत्याबाईंचं पाणी आठवड्यातून एकदाच, औषध घालून, बायको स्वतः बदलते. रोज नवीन पाणी मिळतं ते फक्त मला. जेवताना, डोक्यावर.