थूलबाबूंची पेटी

वर्धा जिल्ह्याच्या आधुनिक संगीताचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्याचं पहिलं पान थूलबाबूंना द्यावं लागेल. दुसरं पान लागणार नाही.

प्रभाकर थूल माझे शेजारी. बोरगाव मेघेत आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. देवळीच्या एका सरकारी कचेरीत ते बाबू होते आणि संध्याकाळी संगीतकार. त्यांच्याकडे एक छोटा जपानी की-बोर्ड होता. ते त्याला 'पेटी' म्हणत आणि ती पेटी ते कधीही बंद करत नसत. वाजवणं नव्हे, बटण. जेवताना, झोपताना, कचेरीत गेल्यावर, घराला कुलूप असताना पेटी चालूच. तिचा लाल दिवा आमच्या खिडकीतून दिसायचा.

"बंद काऊन नाई करत?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "गरम राह्यली पाह्यजे. थंडी पडली का सूर उतरते."

हे शास्त्र त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं, की आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनीही मान डोलावली.

पेटी विजेवर चालायची, वीज गेली की आतल्या सेलवर. भारनियमनाचे दिवस. दिवसातून दोनदा लाईन जाणार हे नक्की, कधी येणार हे देवाला ठाऊक. सेल बदलायचे ते फक्त लाईन असताना, नाहीतर पेटी क्षणभर बंद पडेल. म्हणून लाईन आली की लोक पाणी भरायला धावत आणि थूलबाबू सेल बदलायला. इतके सेल लागत, की देवळीच्या दुकानदाराने एकदा हळूच विचारलं, "बाबू, तुमी रातच्याले बॅटरी घेऊन शिकारीले जाता का?"

कार्यक्रमाला जाताना पेटी एसटीत मांडीवर. कंडक्टरची नजर लाल दिव्यावर.

"हे काय होय? बंद करा."

"पेटी होय भाऊ. बॉम्ब नोहे."

"मंग लाईट काऊन जळून राह्यला?"

"जागी हाय."

यावर कंडक्टरने पेटीचंही तिकीट फाडलं.

खरं कारण मला माहीत होतं, कारण ते भिंतीपलीकडून माझ्या कानांवर पडलं होतं. पेटी घरी आणली त्या दिवसाची गोष्ट. तिला एक बारीक माइक होता. त्यात सेकंदभर आवाज धरायचा आणि मग तोच आवाज सा-रे-ग-म करून वाजवायचा, अशी करामत होती. फक्त पेटी बंद केली की तो आवाज पुसला जाई. थूलबाबू अंगणात माइक चालू करून काय धरावं या विचारात बसले होते. शेजारी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कुरड्या वाळत घातलेल्या. कुत्र्याने तोंड घातलं आणि वहिनी ओरडल्या, "हाड!"

ते पेटीत गेलं. दुपारभर 'हाड'चे आरोह-अवरोह चालले होते. आधी वहिनी हसल्या, मग लाजल्या. "पुसा आता ते. लोक काय म्हनतीन?"

"कचेरीत आयकवतो, मंग पुसतो."

त्याच आठवड्यात वहिनी आंजी गावी लग्नाला गेल्या. उन्हाळा आमच्याकडचा. ऊन लागलं. परत आल्या नाहीत. पोरबाळ नव्हतं. मयतीची माणसं पांगल्यावर घरात दोनच गोष्टी उरल्या, थूलबाबू आणि लाल दिवा.

काही वर्षांनी बँड निघाला. गिटारवर त्यांचा भाचा अमोल, इलेक्ट्रॉनिक पॅडवर वरातीच्या बँडमधला रमेश. नाव 'सिंगल फेज', कारण गावात तेवढीच वीज भरवशाची. दुसऱ्याची गाणी वाजवायची नाहीत, हा थूलबाबूंचा हट्ट. "आपलंच वाजवू. नाई जमलं तं आपलंच बिघडीन." पहिल्या वर्षी बरंच बिघडलं. मग देवळीच्या नवरात्रात त्यांनी एका गाण्यात धृपदाच्या शेवटी पेटीतला तो आवाज टाकला. "हाड! हाड-हाड!" मांडव उसळला. घरीच केलेली कॅसेट पानठेल्यांवर वाजू लागली. पुलगावहून, हिंगणघाटहून बोलावणी आली. वहिनींच्या आवाजावर अख्खा जिल्हा नाचत होता आणि थूलबाबू मान खाली घालून ती एक पट्टी दाबत होते.

शेवटी वर्ध्याच्या एका मित्रमंडळाने मोठ्या मैदानावर संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला. जनरेटर, कमान, प्रमुख पाहुणे. बँड इलेक्ट्रॉनिक, तेव्हा समई नको, साहेबांनी पेटीची पट्टी दाबूनच उद्घाटन करावं, असं ठरलं. थूलबाबूंनी कौतुकाने पट्टी दाखवली. "इथं दाबा म्हना. 'हाड' निघते."

मंडळाचे सचिव पांढरे पडले. साहेबांनी बोट ठेवावं आणि पेटीने साहेबांना 'हाड' म्हणावं? सचिव जबाबदार माणूस. स्टेजच्या पुढच्या बाजूला थूलबाबूंना शाल-श्रीफळ दिलं जात होतं, तेवढ्यात सचिवांनी मागे जाऊन पेटी बंद केली. साहेबांनी पट्टी दाबली. काहीच वाजलं नाही. टाळ्या पडल्या.

शाल सावरत थूलबाबू वळले आणि लाल दिवा नव्हता.

मी पहिल्या रांगेत होतो. त्यांनी बटण सरकवलं, दिवा लागला. त्यांनी ती पट्टी दाबली. पुन्हा दाबली. मग अमोलला म्हणाले, "चालू कर."

कार्यक्रम झाला. त्या गाण्याचं धृपद आलं तेव्हा त्यांनी पट्ट्यांवरून हात उचलले आणि उभे राहिले. मैदानाला गाणं पाठ होतं. हजारएक माणसं एका दमात ओरडली, "हाड!" थूलबाबू प्रत्येक वेळी मान थोडी वाकडी करून ऐकत होते, गर्दीत ओळखीचा आवाज लागतो का ते बघणाऱ्या माणसासारखे. कार्यक्रम तुफान गाजला. तिथल्या तिथे नागपूरचं बोलावणं आलं.

सकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. म्हणालो, "कॅसेटमध्ये आहे की आवाज."

"हाय नं सर. पन तिथं अमोल हाय, रम्या हाय, सारेच वाजून राह्यले." त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. "पेटीत ती एकलीच होती."

थोड्या वेळाने म्हणाले, "पुसा म्हने. मीच नाई आयकलं."

सिंगल फेज नागपूरला गेला, पुढेही बराच गाजला. पेटी आता वाजवून झाली की बंद होते. सेलचा एक जोड दिवाळीपासून होळीपर्यंत पुरतो. बाबूंनी शिकार सोडली, अशी देवळीच्या दुकानदाराची समजूत आहे.