एकोणीस पानं आणि एक पडदा

पहिल्यांदा खटकलं ते पुस्तिकेचं वजन. सॉफ्टवेअर कसं बसवायचं याची पानं होती दोन आणि बसवण्याआधी काय काय हवं याची एकोणीस. (दचकीने दोनदा मोजली. एकदा पुढून, एकदा मागून. मागून मोजल्यावर कमी भरतील अशी तिला आशा होती.)

दचकी म्हणजे त्या शिंप्याच्या घरातली एकमेव पदवीधर. दाराची बेल वाजली तरी पाव फूट उडायची, म्हणून नाव पडलेलं. खाली दुकान, वर घर. बाबा कापायचे, आत्या काज-बटणं करायची, आणि तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची मापं अठ्ठावीस जाडजूड वह्यांत पडून होती. दचकीने एवढंच ठरवलं, की ही मापं आता कॉम्प्युटरमध्ये घालायची. खाली दुकानात एक कॉम्प्युटर, त्यात सगळी मापं राहणार. वर तिच्या खोलीत दुसरा, त्यावर ती बघणार. मध्ये तार. खालच्याला म्हणायचं सर्व्हर.

"म्हणजे तो खाली राबणार आणि तू वर बसून हुकूम सोडणार," आत्या म्हणाली. "कळलं. माझ्यासारखाच आहे बिचारा."

दचकी पुस्तिका मोठ्याने वाचू लागली. मेमरी किमान चार जीबी.

"आठ घे," बाबा म्हणाले.

"बाबा, चार पुरते."

"आज पुरते. धुतल्यावर आटली म्हणजे?"

तार दहा मीटर हवी होती. बाबांनी जिन्यातून टेप लावला, वळणावर ढील धरली, दोन इंच जास्तीचे दाबायला सोडले आणि मगच दुकानदाराला माप सांगितलं. सर्व्हरला मॉनिटरची आवश्यकता नाही, असं पान अकरावर होतं. बाबांनी त्याच दिवशी खालचा मॉनिटर परत केला आणि त्या जागी बटणांचा डबा ठेवला. पान चौदा म्हणत होतं, तार येण्याजाण्याच्या वाटेवर पडलेली नसावी. त्यावर दचकीची रात्रीची झोप उडाली. पण सकाळी उठून बघते तो तार गायब! आत्याने ती जिन्याच्या लांबलचक पडद्याच्या शिवणीत घालून वरपासून खालपर्यंत टीप मारली होती.

"दिसतेय का कुठे?" आत्या म्हणाली. "याला म्हणतात फिनिशिंग."

बसवताना एकदाच भंबेरी उडाली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका चौकटीशेजारी लाल चांदणी चमकली: अडचण आल्यास संपर्कासाठी नेटवर्क व्यवस्थापकाचा फोन नंबर. आपलं नेटवर्क आहे, हेच दचकीला दोन दिवसांपूर्वी कळलं होतं. त्याला व्यवस्थापक कुठून आणायचा? तिने समोरच्या बिलबुकावर छापलेला नंबर ठोकून दिला. चांदणी विझली. आणि दचकी तो नंबर विसरूनही गेली. स्वतःच्या दुकानाला फोन करायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. जिन्यातून हाक पुरायची.

पुढचे तीन आठवडे तिने मापं टाइप केली. शेवटचं माप गेलं त्या दुपारी बाबांनी सगळ्या वह्या उसवल्या आणि पानं एकमेकांना चिकटवून त्यांतून नव्या कोटांचे पॅटर्न कापले. इतका जाड कागद हल्ली मिळतो कुठे?

आणि नेमकं बँडमास्तरांचं काम आलेलं. बेचाळीस वादकांचे बेचाळीस कोट, मापं सगळी त्या जुन्या वह्यांतली. वर्षातलं सगळ्यात मोठं काम. बँडमास्तरांनी बजावलं होतं, "शुक्रवारी पाचला येतो. कापड कापायला घेतलेलं दिसलं नाही, तर गठ्ठा उचलून चौकातल्या टेलरकडे नेतो."

शुक्रवारी चारला दचकीने वरचा कॉम्प्युटर लावला. पडद्यावर उमटलं: सर्व्हर सापडत नाही. आपल्या नेटवर्क व्यवस्थापकाशी संपर्क साधा. खाली एक नंबर.

ती जिन्यातून ओरडली, "बाबा, सर्व्हर आहे का?"

"आहे की! बटणांच्या डब्याखाली!"

"चालू आहे?"

"घूं घूं करतोय!"

"मग तो मला सापडत का नाही?"

"चष्मा लाव!"

आत्या खालून जाता जाता म्हणाली, "अगं, तुझा तो वरचा मॉनिटर उचलून खाली आण ना, बघ मापं आणि टाक कापून."

"आत्या! पान सतरा! कॉम्प्युटर चालू असताना कुठलंही उपकरण काढायचं नाही!"

"मग बंद कर."

"पान अठरा! कारण कळल्याशिवाय बंद करायचा नाही!"

आत्याने कपाळाला हात लावला आणि ती भिजत घातलेल्या कपड्यांची बादली घेऊन मागे निघून गेली.

दचकीचा स्वतःचा मोबाइल कॉम्प्युटरला इंटरनेट पुरवत होता. (पान नऊ: इंटरनेट खंडित होऊ देऊ नये.) तेव्हा तिने आत्याचा बटणांचा फोन घेतला, ज्याच्या चिमुकल्या पडद्यावर गेल्या वर्षापासून काहीही दिसत नव्हतं, आणि व्यवस्थापकाचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना. योगायोग असा, की तेवढ्यात खाली दुकानातला फोनही खणखणायला लागला.

"अगं, फोन बघ!" बाबा ओरडले. "माझ्या दोन्ही हातांत कापड आहे!"

"मी फोनवरच आहे बाबा!"

तिने वैतागून बंद केला. खालचाही थांबला. तिने पुन्हा लावला. खालचा पुन्हा सुरू.

"कोण सारखं जीव खातंय!" बाबा म्हणाले.

"तुमचं गिऱ्हाईक असेल! इथे माझा व्यवस्थापक उचलत नाहीये! काय माणसं असतात एकेक! काम घेतात आणि फोन घेत नाहीत!"

पाचला पाच कमी असताना खालून बँडमास्तरांचा भरदार आवाज आला. दचकी पाव फूट उडाली. "कुठे आहेत मापं?"

"कॉम्प्युटरमध्ये," बाबांचा आवाज अभिमानाने भरला होता. "एकदम सुरक्षित. आता आम्हालासुद्धा सापडत नाहीत."

दचकीने चौथ्यांदा नंबर लावला. तेवढ्यात आत्या मागच्या दाराने वर आली. खांद्यावर जिन्याचा ओला, पिळलेला पडदा. "हे बघ गं, उतरवताना जरा ओढावा लागला, आणि पिळताना काहीतरी टोचलं." पडद्याच्या शिवणीतून तारेचं टोक बाहेर आलं होतं. पिनेतून पाणी ठिबकत होतं.

"आत्या! पडदा धुतलास?"

"तूच वाचलंस ना? पान सहा. सर्व्हरच्या आसपास धूळ नसावी. त्या पडद्यात दहा वर्षांची धूळ होती. दोनदा साबण लावला."

दचकीने एका हाताने पुस्तिका उलटसुलट केली. तार वाटेत नसावी, तार ताणू नये, तारेवर खुर्ची ठेवू नये. धुतलेली तार चालते की नाही, यावर एकोणीस पानांत अवाक्षर नव्हतं. आता सगळी भिस्त त्या व्यवस्थापकावर. वह्यांचे तर कोटांचे पॅटर्न झालेले! घंटी वाजत होती. खालीही वाजत होती.

"आधी तो फोन घ्या हो," बँडमास्तर म्हणाले. "बेसूर आहे."

आणि खट्ट! एकदाचा कुणीतरी फोन उचलला. दचकीने डोळे मिटून घेतले आणि एका दमात म्हणाली, "सर, प्लीज ठेवू नका, बेचाळीस कोटांचा प्रश्न आहे, तार साबणाने धुतली तर चालते का?"



"धुतली? मग आटली असेल," पलीकडचा आवाज म्हणाला. "दाबायला सोडलंय ना दोन इंच? ते उसवून घ्या. बाकी कॉम्प्युटरचं सगळं आमची मुलगी बघते. फार हुशार आहे, काही काळजी करू नका. थांबा हं, तिलाच देतो."

आणि मग जिन्यातून, तोच आवाज, दुप्पट मोठा:

"दचके! अगं, तुझा फोन!"