घागांचं हेलिकॉप्टर आणि नानांचे कावळे

आमच्या शेजारच्या सुधाकर घागांकडे स्कूटर नाही. सायकलसुद्धा नाही. पण हेल्मेट आहे, आणि ते डोक्यावर चढवून हा माणूस रोज सकाळी जिना उतरायच्या ऐवजी चढतो. बिल्डिंगमध्ये नवीन कोणी राहायला आलं की मला विचारतं, हे काका गाडी गच्चीवर लावतात का? मी सांगते, गाडी नाही, हेलिकॉप्टर. मग ते माझ्याकडेच बघतात. म्हातारी भरकटली असं त्यांना वाटतं.

हेलिकॉप्टर खरंच आहे. घारीएवढं, लाल रंगाचं, रिमोटवर उडणारं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, ते कशाने उडतं ते मला कळत नाही. घागांनाही पुरतं कळत असेल असं मला वाटत नाही, कारण ते उडतं तेवढ्या वेळा पडतं. घाग मात्र पडलं असं कधी म्हणत नाहीत. ते म्हणतात, "लँडिंग बरोबर झालं, जागा चुकली." जागा बऱ्याच चुकल्या आहेत. माझ्या कुरडयांच्या साडीवर, पाण्याच्या टाकीत, आणि एकदा आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिराकडे दर्शनाला निघालेल्या एका बाईच्या नारळाच्या पिशवीत. ती बाई घाबरली नाही. तिने हेलिकॉप्टर बाहेर काढलं, नारळाला तडा गेला नाही ना बघितलं आणि घागांना म्हणाली, तुमच्या घरी कोणी मोठं माणूस नाही का?

नव्हतंच. घागांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी एकदा सरळ विचारलं होतं. म्हणाले, "वहिनी, शिफ्ट बदलत होत्या ना." फॅक्टरीत फिटर होते. रिटायर झाल्यावर शिफ्ट बदलायची थांबली, पण तोवर वय गेलं. मग ते उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये पंखा दुरुस्त करायला गेले आणि हेलिकॉप्टर घेऊन आले. दुकानदार सिंधी होता. त्याने म्हणे सांगितलं, "साईं, उड़ाने की गारंटी मेरी, उतारने की आपकी." घागांना तो सौदा पटला. पंखा अजून त्याच दुकानात आहे.

त्यांच्याकडे एक थर्माकोलचं विमानही आहे. ते गच्चीवरून उडवता येत नाही, त्याला मोकळी जागा लागते. म्हणून भातकापणी झाली की रविवारी ते बदलापूरच्या पुढे शेतात जातात. असंच एकदा गेले असताना वारा सुटला आणि विमान गेलं ते गेलंच. घाग मागून धावले. विमान एका गावात हळदीच्या मांडवात उतरलं, तेही पाटावर बसलेल्या नवरदेवाच्या मांडीवर. डीजे बंद झाला. घाग हेल्मेट घालून मांडवाच्या दारात उभे. त्यांना वाटलं, आता मार बसणार. पण नवरदेवाच्या आत्याने विमानालाच हळद लावली, वरून देवाने धाडलं म्हणाली, आणि घागांना मटणाच्या पंगतीत बसवलं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही कुणाकडचे, मुलाकडचे की मुलीकडचे? घाग म्हणाले, "मी विमानाकडचा." ते विमान अजून पिवळं आहे. घाग ते पुसत नाहीत आणि ती पंगतही विसरत नाहीत.

आता माझ्या नवऱ्याकडे वळते, कारण खरी भानगड तिथे आहे.

माझा नवरा, त्याला सगळे नाना म्हणायचे, रोज सकाळी गच्चीवर कावळ्यांना पोळी घालायचा. मला आयुष्यात एकदा पाणी विचारलं नाही, पण कावळ्यांना पोळीचे तुकडे समान करून घालायचा. का, तर पुढे उपयोगी पडतील. "आपलं झाल्यावर पिंडाला यायचं कुणी? ओळख आधीपासून ठेवावी," असं त्याचं म्हणणं. मुंबईला नोकरीत त्याने साहेबांशी अशीच ओळख ठेवली होती. तिचा उपयोग झाला नव्हता, पण ते वेगळं.

घाग आणि नाना, दोघांची गच्ची एकच आणि वेळही एकच. तरी ठीक चाललं होतं. एक दिवस मात्र हेलिकॉप्टर वाळत घातलेल्या कपड्यांतून गेलं आणि नानाचा काळा मोजा त्याच्या खालच्या दांडीत अडकला. घागांना कळलंच नाही. लाल हेलिकॉप्टर वर चाललंय आणि खाली काळं काहीतरी लोंबतंय, मेलेल्या कावळ्यासारखं. कावळ्यांना वाटलं, हा आपला माणूस पळवून नेतोय. अख्ख्या अंबरनाथचे कावळे आले असतील. हेलिकॉप्टरला टोचलं, खाली पाडलं, आणि रिमोट कुणाच्या हातात आहे हे त्यांना कसं कळलं देव जाणे, घागांच्या टकलावर चोची मारल्या. हेल्मेट तेव्हापासूनचं.

कावळे तो दिवस विसरले नाहीत. घाग दिसले की कावकाव करून अंगावर यायचे. आणि घाग गच्चीवर असतातच, त्यामुळे पोळीला कोणी बसेना. तुकडे मुंग्या न्यायला लागल्या. नानाने घागांशी बोलणं सोडलं. सोडण्याआधी जिन्यात गाठून एवढं मात्र सांगितलं, "सुध्या, माझे कावळे तू तोडलेस. उद्या माझ्या पिंडाला कावळा शिवला नाही, तर तुझ्या मानगुटीवर येऊन बसेन."

मी म्हटलं, बसतील ते, त्यांना आयतं बसायची सवय आहे. सगळे हसले. घाग हसले नाहीत.

त्यानंतर वर्षही झालं नसेल, नाना गेला. दुपारी जेवला, आमटीला नावं ठेवली, आडवा झाला आणि गेला. मी आमटीबद्दल काहीतरी बोलणार होते, ते राहिलं.

त्या दिवसापासून घागांनी हेलिकॉप्टर उडवणं बंद केलं. रोज सकाळी हेल्मेट घालून दहीभाताची वाटी घेऊन वर जायचे आणि तासभर उभे राहायचे. कावळे यायचे, हेल्मेटवर चोची मारायचे, भाताला तोंड लावायचे नाहीत. खाली आले की माझ्या दारात उभे. "वहिनी, आज चार होते, पण खाल्लं नाही." मी म्हणायचे, भावजी, पिंड बदलापूरला नदीवर ठेवायचा आहे, तिथले कावळे वेगळे. ते म्हणायचे, "त्यांच्यात बातमी जात असेल." मी कपाळाला हात लावला. माझा नवरा गेला होता, आणि शेजाऱ्याला धीर मी देत होते.

दहाव्याला आम्ही उल्हास नदीवर गेलो. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत. मी गेले. ज्याच्याशी जन्मभर भांडले त्याचा शेवट दुसऱ्याच्या तोंडून का ऐकू? घागही आले, फॅक्टरीतले काळे बूट घालून, हातात मोठी रेक्झिनची पिशवी. मी विचारलं, पिशवीत काय आहे? "काही नाही वहिनी, असू दे."

प्रकाशने, म्हणजे माझ्या मुलाने, पिंड ठेवला. सगळे मागे सरकलो. समोरच्या झाडावर कावळे होते. बघत होते. आले नाहीत.

मग नेहमीची सुरुवात झाली. प्रकाश हात जोडून म्हणाला, बाबा, आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. मला नवल वाटलं नाही, नानाला माहीत होतं मी कुणाला सांभाळू देणारी नाही. दिराने गावच्या विहिरीचा हिस्सा सोडला. भाच्याने दारू सोडली. दुसऱ्या भाच्याने तंबाखू सोडली. कोणीतरी म्हणालं, सुके बोंबील आवडायचे, ते ठेवा. ते आणून ठेवले, तर मांजर आलं. मला म्हणाले, तुम्ही काहीतरी बोला. मी पुढे झाले आणि म्हटलं, "अहो, लोकं उपाशी आहेत. शिवा आणि मोकळे व्हा." माझं त्याने जिवंतपणी ऐकलं नव्हतं, आता काय ऐकणार.

ऊन वर चढलं. गुरुजींना उल्हासनगरला दुसरीकडे जायचं होतं, फोन सारखा वाजत होता. ते म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू आणि लावू. शास्त्रात तशी सोय आहे. प्रकाश मान खाली घालून हो म्हणाला. माझा मुलगा तसा घट्ट आहे, पण तेव्हा त्याचे डोळे भरले होते. नातेवाईक घागांकडे बघायला लागले. मानगुटीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. घागांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी एकदा मान चोळली, मी बघितलं.

मग ते उठले. "दोन मिनिटं गुरुजी," म्हणाले आणि पिशवीतून हेलिकॉप्टर काढलं.

दीर ओरडला, अरे इथे हे काय काढलंस, लाज नाही का. घागांनी लक्ष दिलं नाही. कुणाकडे काळं काही आहे का विचारलं. दहाव्याला काळं कोण नेसून येणार? शेवटी बाजूला काढलेल्या स्वतःच्या बुटातून काळा मोजा ओढला, गुरुजींच्या हातातले दोन दर्भ घेतले आणि मोजा हेलिकॉप्टरच्या खालच्या दांडीला बांधला. गुरुजींनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

हेलिकॉप्टर नदीवरून गेलं, झाडाला एक फेरी मारली, खाली मोजा हलतोय. पहिला कावळा ओरडला. मग दुसरा. मग झाडच उठलं. मासळीवाल्यांकडचे आले, पुलाखालचे आले, पलीकडच्या काठावरचे आले. आभाळ काळं झालं. भाचे पळाले. घाग मात्र हेल्मेट न घालता उभे होते, ते घरी राहिलं होतं. डोक्यावर चोची बसत होत्या, आणि ते दोन्ही अंगठ्यांनी रिमोटच्या दांड्या हलवत हळूहळू हेलिकॉप्टर खाली आणत होते. पुटपुटत होते, "नाना, थांबा, आणतो. नाना, आणतो."

ते पिंडाच्या शेजारी उतरलं. पत्रावळीपासून वीतभर. घागांची जागा आजवर एकदाच बरोबर आली ती त्या दिवशी. कावळे मोज्यावर तुटून पडले, पाती मोडली, लाल रंगाचे तुकडे उडाले. एक कावळा बाजूला सरकला. त्याला त्या भांडणात रस दिसला नाही. त्याने भाताकडे बघितलं, मान वाकडी केली आणि चोच घातली.

मग दिराने शंका काढली की हा कावळा रागाने आला होता, असा चालतो का? गुरुजींनी फोन खिशात घातला आणि म्हणाले, "शिवला पाहिजे एवढंच लिहिलंय. मनःस्थिती लिहिलेली नाही."

आंघोळी झाल्या, लोक पांगले. दीर विहिरीबद्दल पुन्हा विचार करायला लागला होता. घाग घाटाच्या पायरीवर एकटेच बसले होते, एका पायात परत चढवलेला मोजा, एक पाय उघडा, मांडीवर मोडकं हेलिकॉप्टर. टकलावरून रक्त येत होतं. मी पदराचं टोक भिजवलं आणि त्यांच्या डोक्यावर दाबलं. म्हटलं, बरं झालं भावजी. मला यापेक्षा जास्त बोलता येत नाही.

ते नदीकडे बघत होते. मग म्हणाले, "नानांचं झालं. पण वहिनी, माझ्या वेळी हे उडवणार कोण?"

गावाला जाताना कुंड्यांना पाणी कोण घालणार हे विचारावं, तसं विचारलं. तुम्हाला काय होतंय, असं म्हणायची पद्धत आहे. मला ती पद्धत आवडत नाही. होतं सगळ्यांना. प्रकाश टेम्पोतून हाका मारत होता. मी रिमोट उचलला. वाटला होता त्यापेक्षा हलका होता.

"यातली वर न्यायची दांडी कुठली?" मी विचारलं.

पावसाळ्याआधी घागांनी कॅम्प चारमधून नवीन पाती आणली. आता सकाळी आम्ही दोघं गच्चीवर असतो. शिकवताना घाग फार कडक आहेत, नेहमीचा भित्रा माणूस राहत नाही. मी टाकीला धडकवलं, शेजारच्या डिशला धडकवलं, एकदा खुद्द घागांना धडकवलं. प्रकाश म्हणतो, आई, लोक हसतात. मी म्हटलं, तू कधी शिकतोस ते सांग, मी बंद करते. तो खाली गेला.

काल मी हेलिकॉप्टर वर नेलं, फिरवलं आणि कठड्याजवळ ठेवलेल्या पाटावर अलगद उतरवलं. घागांनी पाटाभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं आणि पास म्हणाले. मग तिथेच कठड्याला टेकून बसले. चांगलं मोठं हसू होतं तोंडावर.

"आता माझं कधीही झालं तरी चालेल, वहिनी."

मी म्हटलं, एवढी घाई करू नका. वाऱ्यात मला अजून जमत नाही.