सगळं ठाणं हळू बोलू लागलं

सुमतीबाई गेल्या आणि सगळं ठाणं हळू बोलू लागलं.

निदान श्रीपादपंतांना तसं वाटलं. पहिले तेरा दिवस त्यांना त्यात नवल वाटलं नाही. दुखवट्याच्या घरी माणसं हळूच बोलतात. पण महिना झाला, दिवाळी आली तशी गेली, तरी शेजारी हळू बोलत होते, कचेरीतले कारकून हळू बोलत होते, आणि जिच्या आवाजाने सबंध आळी जागी व्हायची ती भाजीवालीसुद्धा ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. पंतांना भरून आलं. आपल्या बायकोला चार घरांपलीकडे कुणी फारसं ओळखत नव्हतं. तिच्यासाठी गावाने आवाज खाली घ्यावा, ही काही लहान गोष्ट नव्हती. एकच कोडं सुटत नव्हतं. स्टेशनात शिरताना आगगाडीची शिट्टीही हल्ली हळू वाजायची. रेल्वे कंपनीने दुखवटा पाळण्याचं काय कारण? शेवटी वारा फिरला असेल अशी त्यांनी समजूत करून घेतली.

पंतांचं वय बेचाळीस. मिठाच्या खात्यात ते कारकून होते आणि कोपरीच्या मिठागरांवर त्यांची रोज फेरी असे. भाद्रपदात नवराबायको दोघांनाही हिवताप झाला. दवाखान्यातून कोयनेलच्या पुड्या आल्या. पंत उठले, सुमतीबाई उठल्या नाहीत. तेव्हापासून पंतांच्या कानांत रातकिडे ओरडल्यासारखा आवाज होत होता. अशक्तपणा असेल म्हणून त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. सांगावं असं माणूसही आता घरात नव्हतं.

दर शनिवारी सुमतीबाई त्यांच्या डाव्या कानात कोमट तेल घालत. डाव्याच का, हे पंतांनी कधी विचारलं नाही. एकोणीस वर्षांत एक शनिवार चुकला नव्हता. त्या गेल्यावर पंतांनी तो नेम आपणच चालू ठेवला. पळीत तेल तापवायचं, मान कलती करायची, चार थेंब सोडायचे. ती असती तर चार घातले असते. नाही, म्हणून ते सहा घालत.

लोकांशी बोलताना पंतांना अडचण अशी पडत नसे. दुखवट्यात येणारा माणूस काय बोलणार, हे ठरलेलं असतं. ईश्वराची इच्छा, आता धीर धरा, जन्ममरण कुणाच्या हातात आहे. समोरच्याचे ओठ थांबले की पंत मान हलवत. चार महिने मान हलवून त्यांचं व्यवस्थित चाललं होतं.

फक्त एक हौसाबाई मोठ्याने बोले. ही कोपरीची आगरी बाई, मागल्या दाराने पाणी भरायला येई. "पंत, हांडं भरलंन!" असं ती डाव्या अंगाला येऊन ओरडे, तेव्हा पंत दचकत. या बाईला सुमतीबाईंनी लुगडी दिली, आजारात पेज दिली, आणि हिला मेलेल्या माणसाचं काही नाही, असं त्यांच्या मनात येई.

पौषात त्यांची थोरली विधवा बहीण विमलाबाई घर सांभाळायला आली. तिला सगळे आक्का म्हणत. आक्काने पहिल्याच दिवशी हौसाबाईला दारात उभी केली.

"अगं, घरात काय प्रसंग झालाय, तू ओरडतेस काय अशी? उद्यापासून हळू बोलायचं."

"पर आक्का, पंतांना..."

"पर नाही न् बीर नाही. हळू."

दुसऱ्या दिवसापासून हौसाबाई कुजबुजू लागली. पंतांना वाटलं, हिलाही शेवटी पाझर फुटला.

माघातल्या एका दुपारी आक्का वाती वळत बसली होती. पुढ्यात कापसाचा ढीग, मान खाली. ती खालमानेनेच म्हणाली, "श्रीपाद, कल्याणच्या भाऊमास्तरांची मुलगी आहे. शकू नाव. तेरावं लागलंय. बिजवर चालेल म्हणतात. तुझं काही वय झालेलं नाही. करू का बोलणं?"

ओठ थांबले. पंतांनी मान हलवली.

आक्काचे डोळे भरून आले. भाऊ इतक्या सहज ऐकेल असं तिला वाटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून पंतांचेही डोळे भरले. दोघं थोडा वेळ रडली, आणि लग्न ठरलं.

मग भटजी पंचांग घेऊन आले. घरात मंगलकार्य करायचं तर गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध आधी उरकून घ्यावं लागतं. भटजींनी ते नीट समजावून सांगितलं आणि फाल्गुनातला एक दिवस श्राद्धाला व वैशाखातला एक लग्नाला काढून दिला. पंतांना दिसलं ते एवढंच, की भटजी श्राद्धाच्या पानावर बोट ठेवून बोलत आहेत आणि मग पानं उलटत आहेत.

"वर्षाच्या आतच उरकायचं म्हणता?" पंतांनी विचारलं.

भटजींनी मान डोलावली.

"शास्त्राला चालत असेल तर माझं काही म्हणणं नाही. माझी कसली हौस राहिली नाही. साधेपणाने करा."

भटजी बाहेर आल्यावर आक्काला म्हणाले, "माणूस विरक्त आहे हो. नाहीतर दुसरेपणाचे नवरदेव आम्ही पाहतो. वाजंत्री आधी ठरवतात."

आचारी आला तेव्हा मात्र घोटाळा झाला. वैशाखातल्या जेवणावळीची चौकशी करायला तो आला होता. पंतांनी विचारण्याची वाट न पाहता सांगून टाकलं, "वडे आणि खीर. बाकी काही नको."

आचारी तसाच आक्काकडे गेला. "आक्का, नवरदेव लग्नाला वडे-खीर सांगताहेत. हे जेवण कुठल्या दिवशी करतात ते मला ठाऊक आहे, त्यांना आहे का?"

"त्याचं चित्त ठिकाणावर नाही. तू लाडूच धर."

मग एका रविवारी आक्काने पंतांना लाल पगडी आणि जरीकाठी उपरणं काढून दिलं आणि कल्याणला नेलं. पगडी पाहून पंत घुटमळले. पण श्राद्धाचं आमंत्रण करायला जाताना काय घालतात, हे नेहमी सुमतीबाईच बघत. त्यांनी मुकाट्याने पगडी चढवली.

भाऊमास्तरांनी ओसरीवर जाजम घातलं होतं. आत दाराशी बायका उभ्या होत्या. कोपऱ्यात मास्तरांची आई बसली होती. ही म्हातारी पार बहिरी होती आणि सगळ्यांकडे पाहून हसत होती. पंतांना ती फार सोज्वळ वाटली. ते तिच्याकडे पाहून मान हलवत, ती त्यांच्याकडे पाहून हलवी. त्या घरात सर्वांत चांगलं बोलणं त्या दोघांचं चाललं होतं.

मास्तर विचारत होते आणि पंत मान हलवत होते. प्रकृती बरी असते ना? मान हलली. मुलगी पुढे शिकलेली नाही, चालेल? मान हलली. लग्न आमच्याच दारी होईल? मान हलली. मास्तर खूष होते. इतका समजूतदार जावई आसपासच्या चार गावांत नव्हता.

एवढ्यात माळ्यावरून पितळी घंगाळ निसटलं आणि पंतांच्या पाठीमागे, उजव्या अंगाला, दोन हातांवर आपटलं. कडीपाट हादरला. मास्तर उठून उभे राहिले, आक्काने "अगं बाई!" म्हणून छातीला हात लावला, आणि जाजमावर सांडलेली सुपारी वेचायला दोन माणसं धावली. पंत शांतपणे भिंतीवरच्या गणपतीकडे पाहत होते.

"काय धीरगंभीर माणूस आहे!" मास्तर हळूच म्हणाले.

शकू तांब्याभांडं घेऊन दारात उभी होती. तिच्या अंगावर आईचं लुगडं होतं आणि रडून डोळे सुजले होते. तिने ते घंगाळ पाहिलं, पंतांकडे पाहिलं, मग आपल्या आजीकडे पाहिलं. आजीही हसत बसली होती. शकूने तांब्या खाली ठेवला, सरळ पंतांजवळ गेली, आणि आजीशी रोज बोलत असे तसा तोंडाला हात लावून त्यांच्या डाव्या कानाशी ओरडली, "काका, तुम्हांला ऐकू येतं का?"

"शके!" आतून आई किंचाळली.

पंतांचा चेहरा उजळला. "येतं की! बाळ, किती छान स्पष्ट बोलतेस गं तू. बाकी सगळे दुखवट्यामुळे हळू बोलतात."

"मग सांगा, आमच्या घरी कशाला आलात?"

"अगं, तुझ्या काकूचं वर्षश्राद्ध आहे फाल्गुनात. आमंत्रण करायला आलो."

मग मास्तर पंतांच्या कानाशी आले. शाळेतला आवाज होता तो. "श्राद्ध कुठलं, पंत! मुलगी बघायला आलात! वैशाखात तुमचं लग्न आहे हिच्याशी! तुम्हीच होकार दिलात ना?"

पंतांनी आक्काकडे पाहिलं. आक्काने पदर तोंडाला लावला होता. पगडी, पंचांग, वडे-खीर ऐकून आचाऱ्याने केलेलं तोंड, सगळं एकदम त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी शकूकडे पाहिलं. सुमती लग्न होऊन घरात आली तेव्हा एवढीच होती. आता तिच्या चुलीपुढे ही पोर बसणार होती, आणि ते आपण कबूल केलं होतं. शब्द दिलेला. तो मोडला, तर लोक मुलीलाच नावं ठेवणार. तिच्यात काहीतरी खोट असेल, म्हणून तर बिजवराने नाकारली, असं म्हणणार.

"पंत," मास्तर आणखी मोठ्याने म्हणाले, "कानाचं दुखणं फार आहे का हो? की औषधाने बरं होण्यासारखं आहे? खरं सांगा!"

पंतांना शब्दन् शब्द ऐकू आला. जन्मात कधी खोटं बोलले नव्हते ते. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली.

"औषध नाही," ते म्हणाले. "आमच्या घराण्यातच आहे. आजोबांना होतं, वडिलांना होतं. चाळिशी उलटली की कान जातात. मुलंबाळं झाली तर त्यांचेही जाणार. तुम्हांला आधी सांगायला हवं होतं. दोष आमच्याकडचा आहे, मास्तर. मुलीकडे काही नाही."

आक्काने तोंडावरचा पदर काढला. त्यांचे वडील चार घरांपलीकडची भांडणं ऐकून ती सोडवायला जात. "श्रीपाद! अरे, आपले बाबा..."

"पाहा," पंत म्हणाले, "हिलाही काही ऐकू येत नाही. आम्ही काय बोललो ते कळलंच नाही तिला."

मास्तरांनी आपल्या आईकडे पाहिलं. ती अजून हसत होती. मास्तरांनी हात जोडले. "पंत, रागावू नका. घरात एक आहे. तिच्याशी ओरडून माझा घसा गेला. ही सोयरीक नको."

शकूने तांब्या उचलला आणि पाणी दिलं. सबंध भांडं भरून दिलं.

परतीच्या गाडीत आक्का ठाकुर्लीपासून माजिवड्यातल्या नातलगांपर्यंत सगळ्यांची नावं घेऊन ओरडत होती. आता कुणाला तोंड दाखवायचं, बाबा स्वर्गात काय म्हणतील. ती घरात आल्यापासून पंतांना तिचं बोलणं पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने त्यांना दवाखान्यात डॉक्टर विश्रामरावांपुढे नेऊन बसवलं. "घराण्याचं आहे म्हणतो. एकदा याच्या कानात काय आहे ते बघाच!"

डॉक्टरांनी खिशातलं घड्याळ डाव्या कानाशी धरलं. पंतांना काही ऐकू आलं नाही. मग ते कानामागच्या हाडाला टेकवलं. टिकटिक स्पष्ट आली.

"आतली शीर शाबूत आहे, वाट बुजलीय. तेल घालता?"

"दर शनिवारी."

"आणि पुसता कधी?"

तेलाचं पंतांना माहीत होतं. पुसायचंही असतं हे नव्हतं.

डॉक्टरांनी कोमट पाण्याच्या तीन पिचकाऱ्या मारल्या. तस्तात मळ, तेल आणि मिठागरावरची धूळ यांचा करवंदाएवढा काळा गोळा पडला. आक्काने तोंड फिरवलं. उजवा कान पाहून डॉक्टरांनी विचारलं, "हा लहानपणी वाहत होता का?"

"गोवर झाला होता तेव्हा," आक्का म्हणाली. "वर्षभर पू येत होता." पंतांनी कानांतल्या रातकिड्यांचंही सांगून टाकलं.

"पडदा तेव्हाच फुटलाय. त्याला माझ्याकडे औषध नाही, पाणी जाऊ देऊ नका. रातकिडे ओरडतात ते कोयनेलचे. बहुतेकांचे जातात, काहींचे राहतात. एका माणसात तीन तऱ्हा! घराण्यातून येणारं बहिरेपणही असतं, आक्का. पण ते पिचकारीने तस्तात पडत नाही."

पंत रस्त्यावर आले आणि थांबले. बैलगाड्या करकरत होत्या, टांगेवाला शिव्या देत होता, भाजीवाली गळा फाडून वांगी विकत होती. तिचा आवाज पूर्वी होता तसाच होता. ठाण्याने एक दिवसही आवाज खाली घेतला नव्हता.

घरी हौसाबाई मागल्या दारात कुजबुजली, "पंत, हांडं भरलंन."

"हौसा, आता मोठ्याने बोल हवं तर."

"मी बोलतच व्हते. बायनी मना सांगून ठेवलं व्हतं. धन्याचा उजवा कान बारीकपनापासून गेलाय, डावे अंगाला उभी राहून मोठ्यानं बोलाचं. न रविवारी पहाटे, धनी झोपेत असतील तवा, कान पुसाचा. मी पुसाला कशी येनार? न बोलाला गेले तं आक्कांनी मना गप केली."

पंत पायरीवर बसले. एकोणीस वर्षं सुमती त्यांच्या डाव्या बाजूला बसली होती. ती तिची सवय, असं ते समजत आले होते.

फाल्गुनातलं श्राद्ध त्यांनी रद्द केलं. वर्ष पुरं झाल्यावर, तिच्या तिथीलाच केलं. आचाऱ्याला काही सांगावं लागलं नाही. वडे-खीर त्याच्या ध्यानात होतं.

स्थळं मात्र थांबली नाहीत. कार्तिकातल्या एका दुपारी आक्का वाती वळत बसली होती. पुढ्यात कापूस, मान खाली. "श्रीपाद," ती म्हणाली, "ठाकुर्लीला एक मुलगी आहे म्हणतात..."

पंतांनी हात पुढे केला. "आक्का, जरा कापूस दे."

आक्काने वर पाहिलं. मग ढिगातला चिमूटभर कापूस तोडून, बोटांत नीट गोळी वळून तिने त्यांच्या तळहातावर ठेवली.

"डाव्यात घाल," ती म्हणाली. "उजव्याला लागत नाही."