आवाज सोडून सर्व काही सुरळीत

माणूस एकदा स्वतंत्र झाला, की त्याला पहिली ओढ लागते ती आपल्या बायकोला स्वतंत्र करण्याची. बायकोचे मत विचारात घेण्याची प्रथा या कामी नाही. विचारले तर ती नको म्हणण्याचा संभव असतो, आणि मग स्वातंत्र्य उगीच लांबणीवर पडते.

लिफ्ट निरीक्षक या हुद्द्यावर बावीस वर्षे काढलेले एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वी असेच स्वतंत्र झाले. त्याआधी त्यांचा लॅपटॉप एका बड्या कंपनीच्या विकतच्या प्रणालीवर चालत असे. बटण दाबले की सुरू होई, काम झाले की बंद होई. ही गुलामगिरी आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती. मग एका दंतवैद्याच्या खुर्चीवर, तोंड उघडे आणि हात खुर्चीला घट्ट, अशा अवस्थेत त्यांना मुक्त प्रणालीची माहिती मिळाली. ही प्रणाली फुकट असते. तिच्या पोटात काय लिहिले आहे ते कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेले दुसऱ्याला वाटता येते. (वाचणारे थोडे. बदलणारे त्याहून बरेच जास्त.) दाढ निघाली तेव्हा निरीक्षक वेगळाच माणूस होऊन उठले.

पुढल्या वर्षभरात त्यांनी स्वतःचा, आईचा, बायकोचा आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा असे चार लॅपटॉप मुक्त केले. शेजाऱ्यांच्या पडद्यावरचे चित्र तेव्हापासून उलटे दिसते, पण शेजारी भले आहेत. त्यांनी लॅपटॉपच उलटा ठेवायची सवय करून घेतली. निरीक्षकांच्या आईने आपला लॅपटॉप मुक्त झाल्या दिवशीच बंद केला आणि इस्त्रीच्या साड्यांवर वजन म्हणून ठेवला. मुक्त प्रणालीवाल्यांचे गावात एक मंडळ आहे; त्याच्या वार्षिक अहवालात हा लॅपटॉप 'सलग चारशे अकरा दिवस एकही बिघाड नाही' या नोंदीसह पहिल्या क्रमांकावर आहे.

बायकोच्या लॅपटॉपची सुटका त्या भाजी आणायला गेल्या असताना झाली. परत आल्या तेव्हा पडद्यावर त्यांच्या भाचीच्या फोटोऐवजी एक साळिंदर बसले होते. 'साळिंदर' हे त्या वाणाचे नाव. मुक्त प्रणालीचे शेकडो वाण असतात आणि प्रत्येकाला एखाद्या जनावराचे नाव असते.

"माझे फोटो कुठायत?" बाईंनी विचारले.

"आहेत. फक्त आता ते शोधायचे कसे ते तू ठरवायचंस. तेच तर स्वातंत्र्य."

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि एक वही काढली. कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडे त्यांनी अकरा वर्षे दारातले टेबल सांभाळले होते. कोण कधी आले, किती वेळ थांबले, काय म्हणाले, हे टिपायचा हात त्यांना पडला होता. डॉक्टर म्हातारपणी मुलाकडे राहायला गेले, दवाखाना बंद पडला, पण हात राहिला. नवऱ्याने लॅपटॉप मांडीवर घेऊन "पाच मिनिटांचं काम आहे" म्हटले, की त्या वेळ टिपीत. दोन वर्षांत असे काम दोनशे बारा वेळा निघाले. पाच मिनिटांची सरासरी लांबी तीन तास दहा मिनिटे. सर्वांत छोटी पाच मिनिटे सत्तेचाळीस मिनिटांची होती (वीज गेली म्हणून), आणि सर्वांत लांब पाच मिनिटे सोमवारी सुरू होऊन शुक्रवारी संपली.

मंडळाबद्दल दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता सायकल दुकानाच्या माडीवर ते भरते. सभासद सात, वाण नऊ. दोघांच्या लॅपटॉपवर दोन-दोन नांदतात. अडचणीत सापडलेल्याला मदत करणे हा मंडळाचा एकमेव उद्देश असून त्यासाठी घालून दिलेली कार्यपद्धती कोणत्याही सरकारी खात्याने हेवा करावा इतकी काटेकोर आहे. कोणी प्रश्न विचारला, की हा प्रश्न पूर्वी विचारून झाला आहे असे त्याला प्रथम कळवले जाते. पूर्वी काय उत्तर दिले होते ते सांगितले जात नाही; शोधण्यात ज्ञान आहे. तरीही तो बसून राहिला तर त्याला जे हवे आहे ते मुळात त्याला का हवे आहे, याची चौकशी होते. एवढे झाल्यावरही माणूस उठला नाही, तर तू चुकीचा वाण घेतलास, असा निष्कर्ष काढण्यात येतो, आणि कोणता घ्यायला हवा होता यावर सातही जण एकमेकांत भांडू लागतात. त्या गडबडीत प्रश्न विचारणारा जिना उतरून जातो. त्याची नोंद 'समस्या सुटली' या रकान्यात होते.

एरवी हे सगळे बाईंनी आणखी दहा वर्षे चालवून घेतले असते. पण पाणीपुरवठा मंडळाची जाहिरात आली. पद, तक्रार श्रवण अधिकारी. जागा एक, अर्ज तीनशे चाळीस, मुलाखतीला बोलावलेले नऊ. वयाची अट पंचेचाळीस, आणि बाईंना पंचेचाळीस पूर्ण व्हायला उरले होते एकोणीस दिवस. म्हणजे ही पहिली संधी होती आणि शेवटचीही. दवाखाना बंद पडल्यापासून अडीच वर्षे त्या घरात होत्या. घरात त्यांना बोलायला माणसे होती, पण येऊन "बाई, जरा ऐकता का" असे म्हणणारे कोणी नव्हते. त्यांना ते हवे होते. लोकांचे ऐकून घेणे ही एकच गोष्ट आपल्याला चांगली येते, असे त्यांचे स्वतःबद्दलचे मत होते, आणि ते खरे होते.

मुलाखत गुरुवारी अकरा वाजता, पडद्यावरून. समितीचे तीन सदस्य तीन गावांत बसणार होते. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते, की मोबाईलवरून दिलेली मुलाखत ग्राह्य धरली जाणार नाही.

बुधवारी दुपारी बाईंनी नणंदेला लॅपटॉपवरून फोन लावून पाहिला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. मग त्यांनी एका कागदावर 'कृपया हात लावू नये' असे ठळक लिहून तो लॅपटॉपवर चिकटवला. निरीक्षकांनी तो वाचला आणि अक्षर छान आहे असे मनापासून सांगितले.

इथे निरीक्षकांवर अन्याय होता कामा नये. त्यांनी जे केले ते प्रेमापोटी. त्याच संध्याकाळी मंडळात बातमी आली होती, की साळिंदराचा नवा गाभा, म्हणजे प्रणालीचा आतला मुख्य भाग, निघाला असून त्यात आवाज तेरा टक्के सुधारला आहे. तेरा टक्के कशाचे, हे कोणी विचारले नाही. गुरुवारी सकाळी नऊ वीसला बाई न्हाणीघरात असताना निरीक्षकांच्या मनात आले, की बायकोच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस. तिचा आवाज समितीपर्यंत तेरा टक्के कमी का जावा? त्यांनी कागद न फाडता अलगद सोडवला, काम केले, आणि तो होता तसा परत चिकटवला.

साडेदहाला बाई केस विंचरून टेबलाशी बसल्या, तेव्हा लॅपटॉप सुरू झाला. चित्र इतके देखणे कधीच आले नव्हते. आवाज मात्र गेला होता. आतला बाहेर जाईना आणि बाहेरचा आत येईना.

"तू थांब. पाच मिनिटांचं काम आहे," निरीक्षक म्हणाले.

बाईंनी वही उघडली नाही.

निरीक्षकांनी दंतवैद्यांना फोन लावला. दंतवैद्यांच्या खुर्चीत एक रुग्ण होता. त्याचे 'आ' मागून ऐकू येत होते. दंतवैद्य म्हणाले, की हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी विचारून झाला आहे. मग मंडळातल्या निवृत्त पोस्टमास्तरांना लावला. पोस्टमास्तरांनी वहिनींना आवाज कशासाठी हवा आहे ते विचारले. मुलाखत लेखी का घेत नाहीत? लेखी घेतली असती तर ही वेळच आली नसती, हे त्यांचे म्हणणे कोणालाही खोडता आले नसते. आणि मुळात साळिंदर का? पाणकोंबडी घेतली असती तर. हे दंतवैद्यांनी अजून चालू असलेल्या पहिल्या फोनवर ऐकले, आणि पाणकोंबडीबद्दल त्यांना जे वाटत होते ते ते बोलू लागले. खुर्चीतल्या रुग्णाचे 'आ' थांबले. त्याला ऐकण्यात रस वाटू लागला असावा.

दहा अठ्ठावन्न झाले.

"अहो," बाई म्हणाल्या, "लिफ्टमध्ये माणसं असताना तुम्ही वरच्या तारा सोडवता का?"

निरीक्षक दुखावले. चालू लिफ्टला हात लावायचा नाही, हा त्यांच्या खात्याचा पहिला नियम, आणि बावीस वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता.

"ते वेगळं. तिथे जिवाचा प्रश्न असतो."

"तुम्ही बाहेर जा."

ते बाहेर गेले. दारामागे सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी मुलाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले आणि शेंगा सोलायला बसवले.

अकरा वाजता पडद्यावर तीन चौकटी उघडल्या. एकीत अध्यक्ष, एकीत फाईल घेतलेल्या एक बाई, आणि तिसरीत एका सदस्यांचे कपाळ व पंखा. अध्यक्षांचे ओठ हलले. बाईंनी संदेशाच्या जागी 'आवाज येत नाही' असे लिहून पाठवले. नव्या गाभ्याला अक्षरे ओळखू येत नव्हती, त्यामुळे समितीला तेरा छोटे चौकोन मिळाले. फाईलवाल्या बाईंनी काहीतरी टिपून घेतले.

कागदावर लिहून दाखवावे का, असे बाईंच्या मनात येऊन गेले. पण एकोणीस दिवस उरलेल्या उमेदवाराने पहिल्याच मिनिटाला स्वतःचीच तक्रार मांडायची, हे त्यांना बरे वाटेना. त्यांनी अकरा वर्षे जे केले तेच केले. त्या ताठ बसल्या, हात मांडीवर घेतले, आणि ओठ हलवणाऱ्या माणसाकडे बघत राहिल्या. त्याचा चेहरा ओढला गेला की त्यांचे डोळे मऊ होत. त्याने हात पसरले की त्या मान हलवीत. तो थांबला की काहीतरी लिहून घेत. तिघेही गप्प होऊन त्यांच्याकडे बघू लागले, तेव्हा आपल्याला काहीतरी विचारले आहे हे त्यांनी ओळखले, आणि दवाखान्यात सांगत तेच सांगितले: तुमचे म्हणणे लक्षात आले, डॉक्टरांच्या कानावर घालते, तोवर तुम्ही बसा, पाणी प्या.

समितीला यातले अक्षर ऐकू गेले नाही. पण प्रत्येक सदस्याला वाटले, की बिघाड आपल्याच लॅपटॉपात आहे, बाकी दोघांना नीट ऐकू येते आहे. वरिष्ठ पदावरील व्यक्तीने इतरांसमोर असे कबूल करणे प्रशस्त नव्हे. अध्यक्षांनी मान हलवली. ती पाहून फाईलवाल्या बाईंनी हलवली. कपाळही हलले. अशी ती मुलाखत पंचवीस मिनिटे चालली.

बाईंना शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण पडले. श्रवणकौशल्यात चाळीसपैकी चाळीस. शेरा असा होता: 'उमेदवाराने एकदाही मध्ये तोंड घातले नाही. उत्तरे मुद्देसूद व समाधानकारक.' खाली तिघांच्या सह्या. नेमणुकीचे पत्र आले त्या दिवशी निरीक्षकांनी ते मंडळात वाचून दाखवले, आणि वार्षिक अहवालात 'प्रणालीमुळे नोकरी लागलेल्या व्यक्ती' हा नवा रकाना उघडण्यात आला.

घरी बाईंनी पत्र घडी करून ठेवले. "त्यांनी मला काय विचारलं ते तरी कळायला हवं होतं," असे त्या सासूबाईंना म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, "लागली ना? मग."

नव्या कचेरीतही लोक पडद्यावरून तक्रारी सांगत. प्रत्येक प्रभागात एक खोली, एक खुर्ची, एक पडदा. पहिला आठवडा बाईंनी कचेरीच्या लॅपटॉपवर काम केले, आणि त्याला आवाज होता. त्यांनी सगळे ऐकले. कुठे नळाला तीन दिवसांआड पाणी, कुठे गढूळ, कुठे नुसतीच हवा. त्यांनी लिहून घेतले, उलट प्रश्न विचारले, वर पाठवले, आणि वरून काही आले नाही तेव्हा काही आले नाही असे खरे सांगितले. लोक चिडले, वाद घालू लागले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आठवड्याअखेरीस समाधानी नागरिक एकतीस टक्के. अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतले आणि काळजीने विचारले, की मुलाखतीच्या दिवशी तुमची जी हातोटी होती, ती कुठे गेली?

बाईंनी खरे काय ते सांगून टाकले. अध्यक्षांनी उठून दार लावून घेतले आणि निरीक्षकांचा फोन नंबर मागितला.

आज पाणीपुरवठा मंडळाच्या सेहेचाळीसही कचेऱ्यांत साळिंदर आहे, त्याच गाभ्यासह, 'सुधारणा करू नये' या लेखी आदेशाखाली. समाधानी नागरिक एकोणनव्वद टक्के. बाईंनी दोनदा आवाजाची मागणी केली. दोन्ही अर्जांवर 'ऐकून घेतले' असा शेरा आहे. त्या आता खुर्चीत बसतात, ओठ वाचायचा प्रयत्न करतात, आणि रोज घरी जाताना चार-दोन शब्द कळले असे वाटून घेतात.

वाचकाला यावर हसू येत असेल तर त्याने जरूर हसावे. फक्त त्याने गेल्या महिन्यातली प्रभागाच्या खोलीतली स्वतःची खेप आठवून पाहावी. पडद्यावरच्या बाईंनी अकरा मिनिटे डोळे मऊ करून मान हलवली होती, दोन वेळा लिहून घेतले होते आणि शेवटी हात जोडले होते. जिना उतरताना तो बरोबरच्याला म्हणाला होता, "काम होईल न होईल, पण निदान ऐकून तरी घेतलं हो." आणि दारातल्या फॉर्मवर त्याने 'समाधानी' या चौकोनात खूण केली होती, स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता. नळ अजून कोरडाच असेल, तर खोली सोमवार ते शुक्रवार उघडी असते.