वैजापूर सोडलं की तवा

टोरंटो ते मुंबई अंतर मेघाला तोंडपाठ झालं होतं. साडेबारा हजार किलोमीटर! त्याला तिनं विमानाच्या वेगानं भागलं, लंडनचा थांबा मिळवला, दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक काढला आणि सासूबाईंना ठणकावून सांगितलं, "आई, हिशोब पक्का! हे दारात येतील तेव्हा सोनिया न्हाऊन, खाऊन, झोपून ताजीतवानी असेल. बघाच, कशी झेपावते पप्पांकडं!"

आठ महिन्यांच्या सोनियानं बाप पाहिला होता तो फक्त मोबाइलवर. तळहाताएवढा. पहिल्या भेटीत ती हसलीच पाहिजे, म्हणून मेघाचा जीव नुसता खालीवर होत होता!

"अन् मुंबईहून पुढं?" आवडाबाईंनी विचारलं.

"ते तुम्ही बघा!"

आवडाबाईंचा नियम जुना. विश्वजीत नाशकाला शिकायचा, तेव्हा त्याच्या एसटीनं वाटेतलं वैजापूर सोडलं की त्या चुलीवर तवा ठेवायच्या. लेक दारात, भाकर ताटात!

मोबाइलच्या नकाशावर मुंबईहून निघालेलं विश्वजीतचं चिमुकलं विमान सरकत होतं. "आलं वैजापूर!" मेघा ओरडली.

"मंग निवांत घे," आवडाबाईंनी परातीत पीठ काढलं. "पोरीला न्हाऊ घाल. अजून मधलं लासूर यायचंय."

सोनियाच्या अंगावर पहिला तांब्या पडला न पडला, तोच मुकुंदवाडीतल्या घरांचे पत्रे थडथडवत डोक्यावरून विमान गेलं!

"हे कुणाचं म्हणायचं?"

मेघानं साबणाच्या हातानं मोबाइल उचलला. "आई! आपलंच!"

"लासूरला थांबलं नाय?"

मग काय धांदल! झबलं उलटं, काजळ डोळ्याऐवजी नाकाला, कानात साबण. झोप नाही, खाणं नाही! आवडाबाईंची पहिली भाकर मोडली, दुसरी करपली. विमानतळ हाकेच्या अंतरावर. रिक्षा दारात हजर!

"आई, आलो!"

"तिथंच उभा राहा!" लांबून आलेल्यावर भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय त्याला आत घ्यायचं नाही, आणि घरात धड भाकरच नव्हती!

मेघा सोनियाला घेऊन पुढं झाली. विश्वजीतनं हात पसरले. सोनियानं त्या सहा फुटी दाढीवाल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि असा भोंगा काढला की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या!

मेघाला रडूच आलं. एवढा हिशोब केला, पण उंबऱ्यापासून कडेवर येईपर्यंतचं अंतर धरायचंच राहिलं होतं.

विश्वजीतचे हात खाली आले. मग त्यातला एक हळूच खिशात गेला. मेघाचा मोबाइल वाजला. पडद्यावर तोच, तळहाताएवढा बाप!

"सोनू, भॉक!"

सोनिया रडता रडता थबकली, खुदकन हसली आणि पाची बोटं पडद्यावर आपटली. "प-प!"

बाप दारात, लेक घरात, आणि दोघांच्या गप्पा अशा रंगल्या की विचारू नका!

आवडाबाई करपलेला तुकडा घेऊन बाहेर आल्या. एकदा लेकाकडं पाहिलं, एकदा मोबाइलकडं.

"का रं इशू, फोनच करायचा व्हता, तर तिकीट कशाला काढलंस?"