सदतिसाव्या पानावरचा गोल

क्षणभर डोळे मिटा पाहू. घट्ट. आता अशी कल्पना करा, की तुमच्या दोन्ही डोळ्यांवर जाड पट्टी बांधली आहे. डॉक्टरांनी हलू नका, खोकू नका, रागावू नका, मोठ्यानं हसूसुद्धा नका असं बजावलं आहे. आणि हे असं आठवडाभर चालणार आहे. कसं वाटतं? बरं, आता उघडा डोळे, नाहीतर पुढची गोष्ट कोण वाचेल? रुपराव आबाजींना मात्र ते उघडता येत नव्हते.

आबाजी म्हणजे गोपिकाच्या वडिलांचे वडील. बेशाला त्यांची संत्र्यांची बाग होती. शहात्तर सालचं बेसा म्हणजे शहरापासून दूरचं, सायकलनं धापा टाकत गाठायचं खेडं. आबाजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन धंतोलीतल्या एका दवाखान्यात झालं. गोपिकाचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं आणि दिवाळीची सुट्टी सुरू होती. त्यामुळे दुपारी त्यांच्याजवळ बसायचं काम अकरा वर्षांच्या गोपिकाकडे आलं.

"आबाजी, पोथी आणू का वाचायला?" सोमवारी तिनं विचारलं. आबाजी गावी रोज संध्याकाळी कापडात गुंडाळलेली पोथी वाचत बसतात, हे साऱ्या घराला ठाऊक होतं.

"कोणी आहे काय वं इथी?" आबाजींनी हळूच विचारलं.

"बाजूच्या खाटेवरचे चंपतराव आहेत. झोपलेत."

"मंग जवळ ये. पोथी नको. खुनाचं आन एखादं. अन् तुह्या मायले नको सांगू."

गोपिकाच्या गल्लीत एका खोलीचं वाचनालय होतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना तिथे मोठ्यांचं कपाट उघडायला मनाई. गोपिकानं लहान मुलांचं कपाट दोनदा वाचून संपवलं, तेव्हा वडिलांच्या चिठ्ठीवर तिला मोठ्यांच्या कपाटाचं कार्ड मिळालं होतं. ती ते भूगोलाच्या वहीत, नकाशांच्या मधे जपून ठेवायची.

ते कार्ड देणारे ग्रंथपाल मधुसूदन हा मोठा संशयी माणूस. परत आलेलं पुस्तक ते आधी हलवून पाहत, मग पानं मोजत आणि शेवटी हुंगत. "काल हे चिवड्याजवळ ठेवलं होतं," असं ते हुंगून सांगत आणि ते खरं निघे. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर त्यांनीच रंगवलेली पाटी होती : 'पुस्तकावर खूण करणाऱ्याचे सभासदत्व रद्द.'

तर सोमवारी गोपिकानं पहिलं पुस्तक वाचायला घेतलं. एका सावकाराचा खून झाला होता आणि घरात नऊ माणसं होती. गोपिकाचा नऊही जणांवर संशय होता. दहाव्या पानावर आबाजी म्हणाले, "जावयानं मारलं."

"जावई तर अजून आलाच नाही."

"येईन. त्यानंच मारलं."

संध्याकाळी दोनशेव्या पानावर जावयाला बेड्या पडल्या. मंगळवारी दुसरं पुस्तक. "गाणं शिकवते ते बाई," आबाजी म्हणाले, आणि तीच निघाली. आता चंपतराव झोपत नसत. त्यांच्याही दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. उमरेडकडून ते एकटेच आले होते आणि त्यांचा मुलगा फक्त संध्याकाळी डबा घेऊन यायचा.

"रुपरावजी, तुम्ही पोलिसात काहून नाही गेले गा?" त्यांनी विचारलं.

"बागीतले संत्रे कोण तोडते मंग?" आबाजी म्हणाले. पण हसू नका असं सांगितलेलं असूनही त्यांच्या मिशा जराशा हलल्या.

"पण तुम्ही ओळखता कसं?" गोपिकानं विचारलं.

"सोपं आहे. दूरच्या माणसावर लोक संशय घेतात. खुनी जवळचाच राहते. सगळ्यात जवळचा."

बुधवारी चंपतरावांचा पितळी लोटा हरवला. दोन खाटांच्या मधे एक स्टूल होतं. त्यावर दोघांचं सामान असे. चंपतरावांनी चाचपलं, तर लोटा नाही.

"माह्या लग्नातला लोटा होय," ते म्हणाले. "रुपरावजी, आता तुम्हीच सांगा."

एरवी आबाजी असल्या भानगडीत पडले नसते. पण तीन दिवसांत तीन खुनी पकडलेला माणूस लोट्याला नाही कसा म्हणेल? त्यांनी विचारलं, "इथी रोज कोण येते?"

"देवाजी." देवाजी हा वॉर्डातला नोकर. गरम पाणी, चहा आणि झाडलोट त्याच्याकडे होती.

"स्टूल कोण पुसते?"

"देवाजी."

"सगळ्यात जवळ कोण आलं मंग?"

देवाजी तेव्हा दारातच चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्यानं ट्रे खाली ठेवला. "पंधरा वर्षं झाले मले इथी," तो म्हणाला. "आजपासून मी तुमच्या वस्तूले हात लावन तं पाहा. स्टूल पुसणार नाही, खाटेखाली झाडणार नाही. चहा दारातून घेऊन जा."

दोन्ही डोळ्यांवर पट्टी असलेली माणसं दारातून चहा कशी घेऊन जाणार? ते कामही गोपिकाकडे आलं. शिवाय आबाजींचा लोटा भरून तो त्यांच्या खाटेखाली, उजव्या हाताला लागेल असा ठेवायचं काम बुधवारपासून होतंच. देवाजीला वाईट वाटलं, हे तिनं पाहिलं. पण आबाजी कधी चुकत नाहीत, हेही तिनं पाहिलं होतं. ती देवाजीच्या खिशांकडे संशयानं पाहू लागली.

गुरुवारी संध्याकाळी ती चौथं पुस्तक परत करायला गेली. मधुसूदन पुस्तक हुंगत नव्हते. त्यांच्यासमोर सोमवार ते बुधवारची तिन्ही पुस्तकं उघडी होती. त्यांनी चौथंही उघडलं.

"हे काय होय?"

सदतिसाव्या पानावरच्या आकड्याभोवती पेन्सिलीनं बारीक गोल केलेला होता. चारही पुस्तकांत, त्याच पानावर.

"मी नाही केले, काका."

"'मी नाही केले' म्हणे. मग चारही पुस्तकं नेली कोणी?"

"मी."

"सगळ्यात शेवटी कोणाच्या हातात होती?"

"माझ्या."

गोपिकाला वाटलं, हे बोलणं आपण कुठेतरी ऐकलं आहे. तिनं भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं.

"हे घे," मधुसूदननी टेबलाच्या खणातून एक करकरीत पुस्तक काढलं. "कालच आलं. अजून कोणी उघडलंसुद्धा नाही. रविवारी परत आण. तोपर्यंत कार्ड इथेच राहील."

घरी जाताना तिनं प्रत्येक माणसावर संशय घेऊन पाहिला. आईवर, चंपतरावांच्या मुलावर, देवाजीवर तर दोनदा. आबाजींना मात्र तिनं काही सांगितलं नाही. त्यांना रागवायची मनाई होती ना.

शुक्रवारी तिनं नवं पुस्तक सुरू केलं. दहावं पान आलं. विसावं आलं.

"सांगा ना गा," चंपतराव म्हणाले.

"माळी," आबाजी म्हणाले.

माळी नव्हता. मग आबाजींनी पुस्तकातल्या डॉक्टरचं नाव घेतलं, तोही नव्हता. शेवटी खुनी निघाला तो बिचारा मुनीम, ज्याला आबाजींनी सुरुवातीलाच 'देवमाणूस' म्हटलं होतं.

"लिहिणाऱ्यालेच समजलं नाही," आबाजी म्हणाले. पण त्यांच्या मिशा हलल्या नाहीत.

गोपिकानं पुस्तक मिटलं आणि तिच्या मनात पहिल्यांदाच सगळ्यात जवळच्या माणसाबद्दल संशय आला.

"आबाजी, तुम्ही गावी खुनाची पुस्तकं कुठून आणता?"

आबाजींनी आवाज खाली आणला. "दर मंगळवारी संत्रे बाजारात दिले का मी तुह्याच गल्लीतल्या वाचनालयात जातो. तू तवा शाळेत राहतेस. बारा वर्षांपासून मेंबर आहो मी. घरी पोथीच्या कापडात बांधून नेतो."

"मग आठवतं का, कोणती वाचली ते?"

"काही नाही आठवत. नावं सारे सारखेच राहतात, रक्त नाही तं सावली. डोक्याची गाळणी झाली वं, गोष्ट वाहून जाते. म्हणून वाचलेल्या पुस्तकात सदतीस पानावर बारीक गोल करून ठेवतो. सदतीस साली लगन झालं माहं, तो आकडा नाही विसरत. गोल दिसला का पुस्तक ठेवून द्याचं."

गोष्ट वाहून जात होती आणि खुनी तेवढा गाळणीत राहत होता. पट्टीमुळे आबाजींना गोल दिसत नव्हते, एवढंच. सगळं ऐकून गोपिका म्हणाली, "असं होय," आणि पाणी आणायला गेली.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? आबाजींचं नाव सांगावं, तर त्यांचं कार्ड रद्द. न सांगावं, तर आपलं.

शनिवारी डॉक्टरांनी आबाजींची पट्टी सोडली. "काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

आबाजींनी सवयीनं खाटेखाली हात घातला, लोटा उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. त्यावर अक्षरं कोरलेली होती. ती त्यांनी सावकाश, मोठ्यानं वाचली : "चि... चंपतराव... यांस... लग्नाप्रीत्यर्थ..."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. आबाजींचा स्वतःचा लोटा बुधवारी गोपिकाच्या आईनं घासायला घरी नेला होता, तो तिथेच राहिला. आबाजींनी स्टूल चाचपलं, हाताला लोटा लागला, तो घेतला. तीन दिवस ते त्यातलंच पाणी पीत होते आणि रोज तो भरून देत होती गोपिका. दिसेल ते छापील अक्षर वाचणाऱ्या त्या मुलीनं लोटा काही वाचला नव्हता. आणि खाटेखाली झाडू फिरला असता, तर तो बुधवारीच सापडला असता.

"सगळ्यात जवळचा," चंपतराव पट्टीआडून म्हणाले. डॉक्टरांचा हुकूम मोडून ते हसत होते.

आबाजींनी देवाजीला बोलावून घेतलं. "चुकलं माहं, देवाजी. मी आंधळा होतो."

"पट्टी तं मलेही दिसत होती, बावाजी," देवाजी म्हणाला. "पण तुम्ही पट्टीतून पाहून राहिले होते ना." मग त्यानं झाडू आणला आणि दोन्ही खाटांखालून दोनदा फिरवला.

डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि महिनाभर काहीही वाचायचं नाही असं सांगून घरी सोडलं. गोपिकानं संध्याकाळी आपल्याच घरी त्यांना विचारलं, "उद्या कोणतं पुस्तक आणू?"

"नको आता," आबाजी म्हणाले. "माहं डोकं चालत नाही वं. आता लोटासुद्धा ओळखू येत नाही."

रविवारी गोपिका वाचनालयात गेली. मधुसूदननी नवं पुस्तक हलवलं, मोजलं, हुंगलं आणि सदतिसावं पान उघडलं. कोरं.

"पाहा," गोपिका म्हणाली.

"पाहिलं. मी लक्ष ठेवून आहे म्हटल्यावर नाही केलीस. संशय पक्का झाला."

तेव्हा गोपिकानं त्या चार पुस्तकांच्या मागच्या चिठ्ठ्या उघडल्या. पुस्तक नेणाऱ्याचा सभासद क्रमांक आणि तारीख तिथे लिहिलेली असते. चारही चिठ्ठ्यांवर, वर्षं वेगवेगळी, पण गोपिकाच्या क्रमांकाशिवाय आणखी एक आकडा सारखा होता. एकशे बारा.

मधुसूदननी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि थांबवलं. "रुपरावजी? बारा वर्षांत एक दिवस उशीर नाही त्यांचा."

"माझे आबाजी आहेत ते. वाचलेलं विसरतात म्हणून करतात. काका, त्यांचं कार्ड रद्द करू नका."

"नियम म्हणजे नियम. शिक्षा झालीच पाहिजे."

"किती दिवसांची?" गोपिकानं विचारलं. "डॉक्टरांनी त्यांना महिनाभर वाचायची बंदी केली आहे."

मधुसूदननी पाटीकडे पाहिलं, मग चष्मा काढून पुसला. तो पुन्हा घालून त्यांनी रजिस्टरात लिहिलं : 'क्र. ११२. एक महिना पुस्तक देणे बंद.' आणि गोपिकाचं कार्ड तिच्यापुढे सरकवलं. "त्यांना सांगायची गरज नाही. पण तू त्यांची नात आहेस. पेन्सिल आहे का जवळ? दाखव हात."

गोपिकानं दोन्ही रिकामे हात दाखवले. मग ती खुनाच्या कपाटापाशी गेली. एक पुस्तक काढलं, सदतिसावं पान उघडलं आणि परत ठेवलं. दुसरंही ठेवलं. तिसऱ्या पुस्तकात आकड्याभोवती पेन्सिलीचा बारीक गोल होता. ते घेऊन ती टेबलापाशी आली.

मधुसूदननी पान पाहिलं. "अगं, हे तर त्यांचं वाचून झालंय."

"माहीत आहे," गोपिका म्हणाली आणि कार्ड टेबलावर ठेवलं.